घरातल्या धुळीतले सूक्ष्मजीव मोजताय? या चुका टाळा

परळच्या एका घरातून नमुना घेऊन आमची विद्यार्थिनी परतली, तेव्हा तिच्या गाळणीच्या पिशवीत इनमिन चार केस आणि तांदळाचा एक दाणा होता. शोधनिबंधात वाचलेली पद्धत तिने तंतोतंत पाळली होती. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाशी नायलॉनची बारीक पिशवी बसवायची, दोन चौरस मीटर जमीन आखून घ्यायची आणि पाच मिनिटं नळी फिरवायची. पिशवी रिकामी आली म्हणून बिचारी ओशाळली होती. पण तिचं काही चुकलं नव्हतं. पद्धत गालिच्याची होती आणि घर लादीचं.

आपल्याकडे रोज सकाळी केर निघतो, लादी पुसली जाते, पुसायच्या पाण्यात बऱ्याच घरी फिनेल पडतं आणि चपला उंबऱ्याबाहेर राहतात. लादीवर जी काय धूळ मिळेल ती फार तर कालपासूनची, तीही फिनेलातून वाचलेली. युरोप-अमेरिकेतल्या गालिच्यात कित्येक महिन्यांची धूळ रुतून बसलेली असते आणि बुटांबरोबर आलेली मातीही. दोन्हीकडे नाव ‘फ्लोअर डस्ट’च, पण वस्तू वेगळी. तिकडचे आकडे शेजारी ठेवून ‘आपली घरं किती स्वच्छ’ असा निष्कर्ष काढलेले प्रोजेक्ट रिपोर्ट मी तपासलेत. प्रत्येक वेळी लाल पेन उचलावं लागतं.

लादीवरूनच नमुना हवा असेल तर सकाळचा केर निघायच्या आधी पोहोचा, शेवटचं पुसणं कधी झालं ते लिहून घ्या आणि पलंगाखालची धूळ मोकळ्या जागेतल्या धुळीत मिसळू नका. सुपलीतला केर मागून आणायची युक्ती दरवर्षी कोणीतरी काढतंच. केरात केस, दोरे, अन्नाचे कण भरपूर असतात. आपल्याला हवी ती बारीक धूळ मात्र झाडूने हवेत उडवलेली असते. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची पिशवीही नको. मुंबईत हे यंत्र वर्षभर माळ्यावर असतं आणि दिवाळीला खाली उतरतं. तिच्यात सोफा, गाडीची सीट आणि गेल्या वर्षीची दिवाळी असं सगळं एकत्र असतं.

‘सगळ्यात चांगली पद्धत कोणती?’

हा प्रश्नच पहिली चूक. प्रत्येक पद्धतीला वेगवेगळ्या काळाची धूळ मिळते. दाराच्या चौकटीवरची धूळ महिन्यांची, कधी वर्षांची असते. लादीवरची एका दिवसाची. उघडी ठेवलेली पेट्री प्लेट, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायची जेली (अगर) भरलेली चपटी बशी, एका तासाचं सांगते. पंपाने हवा ओढणारं अँडरसन सॅम्पलर मिनिटाला २८.३ लिटर हवा घेतं आणि त्या पाच-दहा मिनिटांत खोलीत जे तरंगत होतं तेवढंच पकडतं. कोणी नुकती चादर झटकली असेल तर आकडा चादरीचा. इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे स्थिर विजेने धूळ धरणारं फडकं, ज्याला आम्ही ईडीसी म्हणतो, ठेवल्या दिवसापासून उचलल्या दिवसापर्यंतची धूळ धरतं. कित्येक दिवसांची धूळ धरणारं, साचण्याचा काळ नेमका माहीत असलेलं आणि हाताळायला स्वस्त असं हे साधन, म्हणून माझं मत त्याच्याकडे झुकतं.

घरात दमा असलेलं मूल आहे आणि गेल्या पावसाळ्यापासून काय साचलंय ते बघायचंय, तर चौकटीवरून नमुना घ्या. खिडकीला जाळी बसवून फरक पडतो का ते बघायचंय, तर चौकट निरुपयोगी, कारण तिथे जाळीच्या आधीचीच धूळ बसलेली असते. तिथे ईडीसी हवं.

‘या हो, पुसून ठेवलंय!’

गिरगावातल्या एका चाळीत आम्ही आठ दिवस आधी फोन करून गेलो. आजींनी चहा टाकला. मी स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं तर बोट कोरडं, स्वच्छ. आजी खालून कौतुकाने म्हणाल्या, “अहो मॅडम, तुम्ही येणार म्हणून कालच नातवाला चढवलं. जाळीजळमटं, सगळं काढलं.” त्यांच्या तोंडावर काय बोलणार? चहा घेतला आणि निघालो.

आता पहिल्या फोनवरच सांगते, “काकू, काहीही आवरू नका, वरचं तर मुळीच नको.” तरीही विचारायचं. गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी मुंबईतल्या बहुतेक घरांची वरपासून खालपर्यंत झाडलोट होते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात घेतलेली चौकटीवरची धूळ आठवड्याचीच असते. शेवटची मोठी साफसफाई, रंगकाम, पेस्ट कंट्रोल या तिन्ही तारखा नमुन्याच्या चिठ्ठीवर हव्यातच.

चौकटीची आणखी एक गंमत आहे. जुन्या चाळीतल्या सागवानी चौकटीवर तीन बोटं रुंद कड मिळते. नव्या टॉवरमधल्या फ्लश दाराच्या चौकटीला ती जेमतेम असते. ‘एक स्वॅब (नमुना पुसून घ्यायची बोळ्याची काडी), एक घर’ असं मोजलंत तर चाळ नेहमीच घाण ठरणार. लांबी-रुंदी टेपने मोजा आणि आकडा चौरस सेंटिमीटरवर आणा. कड नसेल तर कपाटाचा माथा घ्या, पण मग सगळ्याच घरांत कपाटाचा माथा.

पेट्री प्लेट उघडी ठेवताना

स्वस्त, सोपी आणि म्हणून सर्वाधिक फसवी. प्लेटवर फक्त जड कण लवकर पडतात. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण एक मीटर खाली यायला साधारण साडेपाच मिनिटं घेतो, ३ मायक्रॉनचा तासभर आणि १ मायक्रॉनचा आठ तास. ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू २ ते ३.५ मायक्रॉनचे. पंधरा मिनिटं प्लेट ठेवून ‘घरात ॲस्परजिलस नाही’ म्हणणं म्हणजे फलाटावर पाच मिनिटं उभं राहून या मार्गावर गाड्याच नाहीत म्हणण्यासारखं.

रूढ नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. जमिनीपासून १ मीटर उंच, भिंतीपासून १ मीटर दूर, १ तास. आमच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत भिंतीपासून एक मीटर दूर गेलं की समोरची भिंत खुणावायला लागते. जमेल तितकं करा आणि खरं अंतर लिहा. पंखा चालू की बंद हे ठरवून टाका. चालू असेल तर वरचं गणित लागू पडत नाही आणि अगरही सुकतं. बंद ठेवाल तर मे महिन्यात घरचे लोक तुम्हाला शिव्या देतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

एकदा नायगावच्या घरातली प्लेट इन्क्युबेटरमधून काढली तर वसाहती, म्हणजे सूक्ष्मजीवांचे वाढलेले ठिपके, एका वाकड्या रांगेत उगवलेल्या. बारीक, समान अंतरावर, कडेपासून कडेपर्यंत. रात्री झुरळ अगरवरून चालत गेलं होतं. ती प्लेट मी अजून वर्गात फोटो म्हणून दाखवते, मोजणीत मात्र धरली नाही.

ईडीसी आणि मुंबईच्या खिडक्या

फडकं दीड मीटरच्या वर, सपाट, दोन आठवडे. एवढं साधं आहे, पण आमच्याकडे फडकं पंख्याच्या वाऱ्याने उडालंय, खिडकीतून आलेल्या सरीने भिजलंय आणि एका घरी स्वच्छ फडकं मिळालं म्हणून टीव्ही पुसायला वापरलं गेलंय. चारही कोपरे स्वच्छ क्लिपने धरा, वर ‘हात लावू नका’ असं मराठीत लिहा आणि घरकाम करणाऱ्या ताईंना स्वतः भेटून सांगा. घरमालकाला सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. फ्रिजवर ठेवू नका, तिथे गरम हवेचा झोत वर येतो. एसीच्या कठड्यावर कबुतरं बसत असतील तर त्या खिडकीपासून दूर ठेवा. अर्थात कबुतरांचाच प्रश्न असेल तर मुद्दाम एक तिथेही ठेवा.

भिजलेलं फडकं वाळवून वापरायचं नाही. ते बाद.

स्वयंपाकघरातली चिकट धूळ

रोजच्या फोडणीचं तेल हवेतून पंख्याच्या पात्यावर आणि कपाटावर बसतं, त्यावर धूळ. हा थर नुसत्या सलाइनने ओला केलेल्या स्वॅबवर येतच नाही, काळा लगदा होऊन मागे सरकतो. सलाइनमध्ये ०.१ टक्के ट्वीन २० (साबणासारखं द्रव्य) घातलं की सुटतो. कापसाचा स्वॅब जे उचलतो त्यातलं बरंच स्वतःकडेच ठेवतो आणि डीएनए काढायचा असेल तर कापूस स्वतःचा वनस्पती-डीएनए घेऊन येतो. नायलॉनचा फ्लॉक्ड (बारीक तंतू उभे लावलेला) स्वॅब महाग आहे, पण तिथे काटकसर नको. आणि स्वयंपाकघराची तुलना बैठकीच्या खोलीशी नको.

क्रम उलटा झाला की सगळं उलटं

एकाच घरात तीन-चार पद्धती पडताळायच्या असतील तर आधी हवेचे नमुने आणि प्लेट, मग स्वॅब, लादीवरचं व्हॅक्यूम सगळ्यात शेवटी. व्हॅक्यूमची मागची हवा आणि तुमची स्वतःची ये-जा एवढी धूळ उडवते की नंतर ठेवलेली प्लेट तुमच्याच कामाचा परिणाम मोजते. ईडीसी त्याच भेटीत ठेवायचं असेल तर धूळ बसू द्या, निघताना ठेवा.

प्रत्येक पद्धतीचे निदान दोन-तीन नमुने शेजारी-शेजारी घ्या. एकाच चौकटीवरचे दोन स्वॅब आपसांत दुपटीने वेगळे येत असतील, तर स्वॅब आणि ईडीसीमधल्या दीडपट फरकावर लेख लिहिण्यात अर्थ नाही. पद्धती एकच आकडा देतात का हे तपासूही नका, ते होणारच नाही. दहा घरं दोन्ही पद्धतींनी चढत्या क्रमाने लावा आणि क्रम जुळतो का ते बघा.

ग्रॅममागे की चौरस मीटरमागे?

एक घर: चौरस मीटरला ०.२ ग्रॅम धूळ, ग्रॅममागे १,००,००० वसाहती. दुसरं घर: २ ग्रॅम धूळ, ग्रॅममागे ५०,०००. ग्रॅमने मोजलंत तर पहिलं घर दुप्पट वाईट. चौरस मीटरने मोजलंत तर पहिल्यात २०,००० आणि दुसऱ्यात १,००,०००, म्हणजे दुसरं पाचपट वाईट. दोन्ही आकडे खरे आहेत. श्वासात किती जाऊ शकतं याकडे बघायचं तर मला चौरस मीटरचा आकडा जवळचा वाटतो, पण वजन आणि क्षेत्रफळ दोन्ही नोंदवा. हवेचा घनमीटरचा आकडा त्याच तक्त्यात कोंबू नका.

पावसाळ्यातली पिशवी

जुलैत झिपच्या पिशवीत बंद केलेली धूळ लोकलमधून आणली आणि टेबलावर दोन दिवस राहिली, तर तुम्ही घरातली बुरशी मोजत नाही, पिशवीत वाढलेली मोजता. सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहिली की नुसत्या धुळीतही बुरशी वाढू शकते, पाणी सांडावं लागत नाही. आपला पावसाळा म्हणजे तोच आकडा. निर्जंतुक बाटली, सोबत वेगळ्या पुडीत सिलिका जेल, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या. प्लेटवर वाढवायची धूळ त्याच दिवशी लावा, डीएनएसाठीची उणे २० अंशांवर. जुलैतलं एक घर आणि फेब्रुवारीतलं दुसरं, अशी तुलना कुठल्याच पद्धतीने होत नाही.

प्रयोगशाळेत काहीतरी बिनसलंय

*प्लेटभर एकच लोकरीसारखी बुरशी.* रायझोपस किंवा म्यूकर, बाकीच्यांना गिळून बसतात. डीजी-१८ हे बुरशी वाढवायचं माध्यम वापरा. त्यातलं डायक्लोरान त्यांचं पसरणं रोखतं आणि १८ टक्के ग्लिसरॉलमुळे वॉलेमियासारख्या कोरड्या जागी वाढणाऱ्या बुरशी वर येतात, ज्या साध्या सॅबुरो माध्यमावर दिसतही नाहीत. २५ अंश, सात दिवस. तिसऱ्या दिवशी मोजून टाकू नका.

*प्लेट कोरी, पण डीएनए भरपूर.* बहुतेकदा मेलेल्या पेशी. फिनेलच्या घरात हे अपेक्षितच आहे. दोन्ही निकाल बरोबर असू शकतात.

*पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची चाचणी) चाललाच नाही.* धुळीतली काजळी, उदबत्तीचा धूर, मातीतली ह्युमिक द्रव्यं अडवतात. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. आश्चर्य वाटेल इतक्या वेळा एवढ्यानेच काम होतं.

*ब्लँकमध्येही (धूळ न घेतलेल्या कोऱ्या नमुन्यातही) जिवाणू.* ब्लँक घेतला म्हणून तर कळलं. धूळ इतकी थोडी असते की डीएनए काढायच्या किटमधलाच डीएनए नमुन्याइतका दिसू शकतो. प्रत्येक घरात एक स्वॅब उघडा, ओला करा, कशालाही न लावता परत बंद करा आणि बाकीच्यांबरोबर शेवटपर्यंत चालवा. सिक्वेन्सिंगच्या (डीएनए वाचून जीव ओळखण्याच्या) निकालात टक्के मिळतात, संख्या नाही. ‘स्टॅफिलोकोकस (त्वचेवरचा एक जिवाणू) वाढला’ म्हणायला डीएनएच्या प्रती मोजणारा क्यूपीसीआर हवा, नाहीतर बाकीचे कमी झाले एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आणि आपल्या दाटीच्या, अनवाणी फिरणाऱ्या घरांत त्वचेवरचे जिवाणू भरपूर निघणारच, त्याने दचकू नका.

घरच्यांना काय सांगायचं

“मॅडम, आमचं घर पास की नापास?” हे प्रत्येक घरी विचारलं जातं. धुळीतल्या सूक्ष्मजीवांसाठी आरोग्याची अशी सर्वमान्य मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही संख्येची रेषा आखली नाही. ओल थांबवा, असं सांगितलं. अमेरिकेत ३६ बुरशींच्या डीएनएवरून घराला गुण देणारा ‘ईआरएमआय’ निर्देशांक आहे, पण तिथली पर्यावरण संस्थाही तो संशोधनापुरताच मानते. म्हणून मी आकडा सांगण्याआधी भिंतीकडे बघते. बाथरूमच्या मागच्या भिंतीला पोपडे आले असतील तर सोसायटीला गळतीचं पत्र लिहा, धुळीचा निकाल येईपर्यंत थांबू नका.

उगवलेल्या प्लेट घरी कोणाला उघडून दाखवू नका, मुलं कितीही मागे लागली तरी. टेप लावून बंद ठेवा आणि कॉलेजात नेऊन ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करा, १२१ अंश, १५ पौंड दाब, निदान अर्धा तास. सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात एकही प्लेट जायला नको. घरातला कुकर तेवढा दाब देतो हे खरं, पण ज्यात वरण शिजतं त्यात नाही.