अकादमीला निघताना: पेटीत काय, पायात काय

मी तोफखान्यातला माणूस. नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरमध्ये रंगरूट घडवायचं काम केलं, सुभेदार म्हणून घरी आलो आणि आता देवळाली कॅम्पात असतो. ओळखीतल्या कुणाच्या पोराला सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या अकादमीचं, म्हणजे खडकवासल्याच्या एनडीएचं, डेहराडूनच्या आयएमएचं नाहीतर चेन्नईच्या ओटीएचं जॉइनिंग लेटर आलं की आईबाप त्याला घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: "काका, काय काय घ्यायचं?" आणि आईच्या हातात आधीच ही एवढी यादी.

अकादमीत ड्रिलच्या मैदानावर भेटणारे उस्ताद माझ्याच बिरादरीतले असतात, हवालदार आणि सुभेदार. नव्या कॅडेटमधलं त्यांच्या नजरेला पहिल्या दिवशी काय खुपतं ते मला ठाऊक आहे. ट्रंकेत काय कमी आहे हे कुणी बघत नाही. वर्दी, ड्रिलचे बूट, पट्टा, टोपी हे सगळं तिथंच मिळतं किंवा तिथल्या शिंप्याकडून मापाने शिवून घेतात. कागद, पाय आणि हात या तीन गोष्टी मात्र तिथं मिळत नाहीत. त्या नाशकातूनच तयार करून न्याव्या लागतात.

आधी कागद

जॉइनिंग लेटर दोनदा वाचा, तिसऱ्यांदा हातात पेन घेऊन वाचा. प्रत्येक अकादमीची सामानाची यादी वेगळी असते आणि तीच खरी. मी सांगतो ते आणि पत्रात लिहिलंय ते जुळलं नाही, तर पत्राचं ऐका.

आपल्याकडच्या पोरांचं घोडं हटकून एकाच जागी अडतं, ते म्हणजे नाव. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. पॅनवर वडिलांचं नाव गायब, आणि डिग्रीच्या मार्कशीटवर स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. आपल्याला वाटतं, माणूस तर एकच आहे ना! पण पडताळणी करणारा क्लार्क केरळचा नाहीतर बिहारचा असतो, त्याला आपली आडनाव आधी लिहायची पद्धत काय माहीत? पत्र हाती आलं की सगळे कागद टेबलावर मांडा आणि दहावीचं सर्टिफिकेट मधोमध ठेवा. त्याच्याशी जे जुळत नाही ते आजच दुरुस्तीला टाका. आधारची दुरुस्ती होते, पण वेळ खाते. फरक राहिलाच तर कोर्टाजवळच्या नोटरीकडे जाऊन 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं प्रतिज्ञापत्र करून घ्या.

बाँडचा कागद नीट वाचून सही करा. मधेच स्वतःहून सोडून आलात तर प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागतो, असं त्यात लिहिलेलं असतं. एनडीएला जाणारा पोरगा बऱ्याचदा अठराच्या आतला, म्हणून सही वडिलांची लागते. वडिलांनी ती वाचून करावी, कौतुकाच्या भरात नको. स्टॅम्पपेपर किती रुपयांचा आणि कुणाच्या नावाने घ्यायचा ते पत्रातून बघूनच घ्या.

ओरिजिनल एका फाइलीत, झेरॉक्सचे तीन संच दुसरीत, आणि पासपोर्ट फोटो भरपूर. फोटोत केस कापलेले आणि दाढी केलेली असावी. ही फाइल खांद्यावरच्या पिशवीत ठेवायची, ट्रंकेत अजिबात नाही. ट्रंक रेल्वेत राहिली तर कपडे परत घेता येतात.

ट्रंक

काळी, पत्र्याची, मध्यम आकाराची. एकट्याला उचलता आली पाहिजे, कारण तिथं ती उचलून पळायचीही वेळ येते. भद्रकालीच्या बाजूला घेतलीत तर दुकानातच कडी लावून बघा आणि बिजागरी हलवून बघा. कुलूप चांगलं घ्या. एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी घरी नको, त्याच फाइलीत. झाकणावर आणि एका बाजूवर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव रंगवून घ्या. पेंटरला अक्षरं साधी काढायला सांगा. एकाने नावाखाली तोफेचं चित्र काढून आणलं होतं, ते मी त्याला घरी बसून पुसायला लावलं. पहिल्या दिवशी नजरेत भरायचं नसतं, हे लिहून ठेवा.

कपडे

पांढरे कॉलरवाले टी-शर्ट, पांढऱ्या हाफपँट, पांढरे फुलशर्ट, ग्रे पँट, एक साधा टाय, लेसचे काळे लेदर शूज. आकडा पत्रात असेल तेवढाच. मेन रोड आणि शालिमारला सगळं मिळतं. पांढरा म्हणजे पांढराच, क्रीम चालत नाही. छातीवर कंपनीचं मोठं चिन्ह नको. बनियन, अंडरवेअर आणि मोजे मात्र यादीपेक्षा जास्त घ्या. त्याचं कारण तिकडची हवा.

चेन्नई म्हणजे ऊन, असं आपण धरून चालतो. पण ओटीएची एक टर्म ऑक्टोबरात सुरू होते आणि तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरातच असतो. आपल्याकडे पाऊस उलगडलेला असतो, तिकडे चिंब. धुतलेला मोजा दोन दोन दिवस वाळत नाही. खडकवासल्याला जुलैत जाणाऱ्याचंही तेच. डेहराडूनला जानेवारीत जाणाऱ्याने आतून घालायचे गरम कपडे घ्यावेत. नाशिकच्या थंडीला आपण फार नावाजतो, तिकडची पहाटेची परेड तिच्या वरची आहे.

प्रत्येक कपड्यावर आतल्या बाजूने पक्क्या शाईने नाव आणि नंबर. नंबर तिथं मिळेल, म्हणून मार्किंग पेन सोबत न्या. धोब्याकडून शंभर सारखे पांढरे टी-शर्ट परत येतात तेव्हा त्याची किंमत कळते.

पाय

इथं जरा थांबून वाचा. प्रशिक्षणात पोरं मागे पडतात ती धाडस कमी पडलं म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा कारण असतं पाय. फोड, नडगीचं दुखणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर, स्ट्रेस फ्रॅक्चर. चीर गेली की आठवडेच्या आठवडे विश्रांती, आणि फार दिवस बुडाले तर एक टर्म मागे. त्याला रेलिगेट होणं म्हणतात.

ही चीर पडते ती बहुधा अचानक वाढवलेल्या धावण्याने. निवड होईपर्यंत पुस्तकात डोकं, आणि पत्र आलं की जोश चढून रोज दहा किलोमीटर डांबरी रस्त्यावर. असं करू नका. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मातीत धावा, आठवड्याला थोडं थोडं वाढवत न्या, आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना वेगाने चढा, उतरताना चालत उतरा. गुडघे उतरतानाच जातात. शेवटच्या महिन्यात रविवारी पाठीवर पाच-सात किलो घेऊन अंजनेरी करा. निघायच्या आधीच्या आठवड्यात मात्र काही नवीन करू नका.

मोजमाप २.४ किलोमीटरचं ठेवा, कारण अकादमीची चाचणी तेवढ्याच अंतराची असते. टेक्निकल एन्ट्रीच्या, म्हणजे इंजिनिअरांच्या भरतीच्या, अलीकडच्या जाहिरातींत त्यासाठी मुलांना १० मिनिटं ३० सेकंद आणि मुलींना १३ मिनिटं दिलेली आहेत. तुमच्या पत्रात वेगळा आकडा असेल तर तो धरा, आणि घरी त्याच्यापेक्षा अर्धा मिनिट आधी पोचायची सवय करा. पुलअप्सला पर्याय नाही. दिंडोरीचा एक पोरगा द्राक्षाच्या मांडवाच्या लोखंडी अँगलला लटकून सराव करायचा. बापाचा जीव वरखाली व्हायचा, पण पोरगा तयार झाला.

बूट. धावायचे बूट नवे घ्या, पण निघायच्या महिनाभर आधी, आणि त्यांतच धावा. लेदर शूजही घरात रोज तासभर घालून फिरा, आई फरशीवरून ओरडेल तर ओरडू दे. मोजे सुती किंवा लोकरमिश्रित. निव्वळ नायलॉनच्या मोज्यात पाय घामेजतो आणि घसरतो. लांब चालायचं असेल तेव्हा आत पातळ मोजा, वर जाड. मग घासाघीस दोन मोज्यांमध्ये होते, कातडी वाचते. अंगठ्याचं नख सरळ कापा, कोपरे गोल करू नका, नाहीतर ते मांसात शिरतं. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका, तीच खालच्या जखमेचं झाकण असते. एमआय रूममध्ये, म्हणजे अकादमीच्या दवाखान्यात, दाखवा. दुखणं लपवणारा दोन आठवड्यांनी लंगडत जातो, आणि तेव्हा औषध मोठं असतं.

पोहता येत नसेल तर आजच त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर नाव घाला. अकादमीतही शिकवतात, पण सगळे रविवारी झोपलेले असताना तुम्ही पाण्यात असाल.

दातांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन या. चष्मा असेल तर दुसरा जोड घ्या.

हात

स्वतःचा शर्ट स्वतः इस्त्री करता येतो का? कॉलर आधी, मग खांदे, मग बाह्या, पुढची बाजू शेवटी. बटण लावता येतं का? कडक, सुरकुतीशिवाय चादर घालता येते का? पोरं हसतात. पण तिथं आवरायला मिळणारी मिनिटं मोजकी असतात, आणि ही कामं शिकण्यात ती गेली की झोप जाते. महिनाभर घरातल्या सगळ्यांच्या कपड्यांना तुम्हीच इस्त्री करा.

पॉलिशचं नीट सांगतो, कारण ते कुणी घरी शिकवत नाही. नव्या बुटाला पहिल्या रात्री भरपूर पॉलिश चोपडून तसाच ठेवायचा, कातड्याला पिऊ द्यायचं. सकाळी ब्रश. मग बोटावर कापूस किंवा पिवळं फलालीन घट्ट गुंडाळायचं, पॉलिशला नुसता स्पर्श करायचा, पाण्याचा एक थेंब, आणि टोकावर छोटे छोटे गोल. जोर नको. आधी तो भाग धुरकट होतो आणि वाटतं बिघडलं. तसेच गोल चालू ठेवायचे, थेंब आणि पॉलिश आलटून पालटून, की खालून काच वर येते. ही चमक फक्त टोकाला आणि टाचेला द्यायची. पाऊल जिथं दुमडतं तिथं पॉलिशचा थर दिलात तर पहिल्याच परेडला तडकतो आणि उस्तादाला लांबून दिसतो. काळी पॉलिश, तपकिरी पॉलिश, दोन ब्रश, ब्रासो, सुईदोरा, जादा लेस हे सगळं एका डब्यात. देवळाली कॅम्पच्या दुकानांत एका फेरीत होतं.

मुलींसाठी, माझ्या भाचीचं ऐकून. ती सिन्नरची, चेन्नईहून पास झाली. ती म्हणते, स्पोर्ट्स ब्रा चांगल्या कंपनीच्या आणि यादीपेक्षा जास्त घ्या, आणि त्या घालून इथं धावून बघा. काळ्या पिना, काळे रबर, हेअरनेट मूठभर नाही, डबाभर. केस लांब ठेवायचे असतील तर आरशाशिवाय दोन मिनिटांत अंबाडा बांधता आला पाहिजे. नाही जमलं तर कापा. सॅनिटरी पॅड पहिल्या दोन महिन्यांचे सोबत न्या. हिमोग्लोबिन आता तपासून घ्या, कमी निघालं तर डॉक्टरच्या सल्ल्याने गोळ्या आताच सुरू होतील. तिने आणखी एक सांगितलं: हिंदी बोलायचा सराव करा. कॉशन, म्हणजे ड्रिलचे हुकूम, हिंदीत, वर्ग इंग्रजीत, आणि आपण मनात मराठीत भाषांतर करत बसलो की 'पीछे मुड'ला एकटेच उशिरा वळतो.

काय नको

सोन्याची चेन, अंगठी, भारी घड्याळ, परफ्यूम. महागडा फोन नको, तो बहुधा जमाच होतो. साधं डिजिटल घड्याळ पुरे. दुकानातली औषधं आणि शक्तीच्या पावडरी नकोत. गंडेदोरे मनगटात असतील तर घरीच देवापाशी ठेवा.

आणि चिवडा. कोंडाजीचा चिवडा आणि बेसनाचे लाडू दिल्याशिवाय नाशिकची आई पोराला गाडीत बसवत नाही, मला माहीत आहे. द्या, पण गाडीत संपेल एवढाच. कॅबिनमध्ये, म्हणजे कॅडेटच्या खोलीत, खाऊ सापडला तर त्याचा रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, पोराला भोगावा लागतो, आईला नाही.

पोचताना

एक दिवस आधी त्या शहरात पोचा. खडकवासल्याला जाणाऱ्यालाही हेच सांगतो, पुणे जवळ असलं तरी. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, कुठेही ट्रक आडवा झाला की तीन तास गेले. केस बारीक, दाढी केलेली, फुलशर्ट आत खोचलेला, लेसचे शूज. विचारलं तेवढंच बोला, मोठ्याने बोला.

घरच्यांनी सुरुवातीचे दिवस फोनची वाट बघू नये. फोन नाही म्हणजे पोरगं कामात आहे. आला तर दोनच मिनिटं मिळतात, त्यात भाऊबंदकी, सातबारा आणि शेजारच्याचं लग्न काढू नका. आयएमए आणि ओटीएत महिन्याला ५६,१०० रुपये स्टायपेंड असतो. त्यावर घरात आत्ताच गाडीचं बुकिंग करू नये, सुरुवातीला वर्दी, मेस, धोबी यांचा खर्च त्यातूनच निघतो. टर्म संपल्यावर सुट्टी मिळते. तिची तारीख कळली की त्याच दिवशी तिकिटाचं बघा. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, आणि पोराला तिथून लॉगिन करायला सवड मिळेल या भरवशावर राहू नका.