आरक्षण खुले होण्याआधी सर्व्हरची करावयाची तयारी

मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बसगाड्यांचे गणपतीचे आरक्षण सकाळी दहा वाजता खुले होते आणि पुढच्या तासाभरात साइटवर जेवढी माणसे येतात तेवढी एरवी महिन्यातही येत नाहीत. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आमची साइट दहाला अडकली. मी घाईघाईने वेब सर्व्हर तीनदा रीस्टार्ट केला आणि तिन्ही वेळा ती मिनिटभर चालून पुन्हा थांबली. प्रत्येक रीस्टार्टबरोबर कोणती प्रक्रिया कशासाठी ताटकळत होती याचा पुरावा मी स्वतःच्या हाताने पुसत होतो, हे नंतर लक्षात आले. या वर्षी त्या खुर्चीत जो सहकारी बसेल त्याच्यासाठी ही यादी आहे आणि तिचा पाया एवढाच, की आधी वेळ कुठे जातो ते पाहावे आणि मगच कशाला हात लावावा.

पहिली तयारी म्हणजे निवांत दिवशीचे आकडे. ते हाताशी नसतील तर त्या दिवशी ‘मंद’ म्हणजे नेमके किती, हे कोणालाच सांगता येत नाही. कर्ल या साधनाने एकाच पानाचा वेळ तुकड्यांत मोजता येतो: नाव शोधायला किती, जोडणी व्हायला किती, टीएलएसला (सुरक्षित जोडणी ठरवायला) किती, पहिला बाइट यायला किती आणि पूर्ण पान यायला किती. हे मोजमाप खुद्द सर्व्हरवरून, दादरच्या कार्यालयातील ब्रॉडबँडवरून आणि मोबाइलवरून असे तीन ठिकाणांहून घेऊन ठेवावे. सर्व्हरवर पान झटकन येते आणि मोबाइलवर रेंगाळते, असे असेल तर डेटाबेस धुंडाळण्यात अर्थ नाही. सर्व्हर मुंबईतच असेल तर जाण्यायेण्याला काही मिलिसेकंद पुरतात. तोच फ्रँकफर्टला असेल तर अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आणि काचेच्या तंतूतून प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर, म्हणजे एका फेरीला निदान ६५ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबलचा वळसा धरून ते शंभराच्या वर जातात.

दुसरी गोष्ट मी सर्वांत मोलाची मानतो. अडकलेल्या पानाला नेमके किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे, कारण ठरावीक आकड्यांमागे बहुधा कोणाची तरी ठरावीक वाट पाहण्याची मर्यादा असते. उशीर पाच किंवा दहा सेकंदांचा असेल तर आधी डीएनएसवर (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेवर) संशय घ्यावा, कारण लिनक्समध्ये नाव शोधणारा पहिला प्रयत्न ५ सेकंद थांबून मगच पुढे जातो. जोडणी एक, तीन किंवा सात सेकंदांनी होत असेल तर पहिले पॅकेट हरवून पुन्हा पाठवले जात आहे, किंवा सर्व्हरच्या दाराशी असलेली रांग भरली आहे. पन्नास सेकंदांनी चूक दिसली तर इनोडीबीमधील (मायएसक्यूएल डेटाबेसच्या साठवण-इंजिनातील) टेबलाच्या ओळीवरच्या लॉकची मुदत संपली असे समजावे, आणि साठाव्या सेकंदाला ५०४ ही चूक आली तर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरने मागे पान तयार करणाऱ्या प्रक्रियेची वाट पाहणे सोडून दिले. हे मूळ सेटिंगचे आकडे आहेत. आपल्याकडे कोणी बदलले असतील तर बदललेले आकडे कागदावर उतरवून टेबलावर ठेवावेत.

लॉगची तयारी आदल्या आठवड्यातच व्हायला हवी, कारण जे नोंदवले नाही ते नंतर मिळत नाही. एन्जिनएक्सच्या नेहमीच्या लॉगमध्ये विनंतीला लागलेला वेळ नसतो. तिथे विनंतीचा एकूण वेळ आणि मागच्या प्रक्रियेने घेतलेला वेळ असे दोन रकाने जोडून घ्यावेत. दोन्ही मोठे असतील तर दोष आपल्या प्रोग्रॅममध्ये किंवा डेटाबेसमध्ये आहे. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर बहुधा ग्राहकाच्या बाजूचे नेटवर्क संथ आहे. पान तयार करणाऱ्या पीएचपी-एफपीएमचा स्लो लॉग (संथ कामांची नोंद) चालू करावा, म्हणजे अडकलेली प्रक्रिया प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळीवर थांबली आहे तेच लिहून मिळते. मायएसक्यूएलच्या स्लो लॉगची मर्यादा मुळात १० सेकंद असते, ती १ सेकंदावर आणावी.

आता घड्याळाविषयी, कारण माझी ती सकाळ इथेच वाया गेली. आमच्या सर्व्हरचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर आहे, म्हणजे मुंबईच्या साडेपाच तास मागे. कोणीतरी बॅकअपची वेळ विचारपूर्वक पहाटे साडेचारची ठेवली होती आणि यूटीसीचे साडेचार म्हणजे आपले सकाळचे बरोबर दहा. मायएसक्यूएलडंप हा बॅकअपचा प्रोग्रॅम आपल्या नेहमीच्या पर्यायांसह चालला, की काम संपेपर्यंत त्या डेटाबेसमधील टेबलांना वाचनाचा लॉक लावतो, त्यामुळे शोध चालतो पण आसन नोंदवणारी प्रत्येक विनंती थांबते. एरवी त्या वेळी नोंदणी तुरळक असल्याने कोणाच्या ध्यानात आले नव्हते. प्रोसेसलिस्ट (डेटाबेसमध्ये त्या क्षणी चालू असलेल्या कामांची यादी) एकदा जरी पाहिली असती तरी टेबलाच्या मेटाडेटा लॉकसाठी थांबलेल्या ओळींची माळ आणि शेजारीच चालू असलेला डंप दिसला असता. म्हणून क्रॉनमधील (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीतील) प्रत्येक कामाशेजारी मुंबईची वेळ लिहून काढावी, बॅकअपला एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसच्या एकसंध व्यवहारात) प्रत घेण्याचा पर्याय द्यावा आणि त्या दिवशी तो रात्री उरकावा.

प्रक्रियांची संख्या हिशेब करूनच ठरवावी. आठ जीबी मेमरीपैकी तीन डेटाबेसला आणि एक बाकीच्या कामांना गेली आणि पीएचपीची एक प्रक्रिया ८० एमबी घेत असेल, तर पन्नासाच्या पुढे जाऊ नये. आकडा दोनशे केला तर मेमरी संपून स्वॅप (मेमरीऐवजी डिस्क वापरणे) सुरू होते आणि मंद साइट पूर्ण ठप्प होते. उलट चालू प्रक्रिया दाखवणाऱ्या टॉप या साधनात सीपीयू रिकामा दिसूनही पाने अडकलेली असतील, तर सगळ्या प्रक्रिया कशाची तरी वाट पाहत बसल्या आहेत असे समजावे. हे ‘कशाची तरी’ आमच्याकडे बहुतेक वेळा पेमेंट गेटवे असते. आसनाची नोंद लॉक करून, ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून गेटवेच्या उत्तरासाठी थांबणे ही चूक प्रोग्रॅममधूनच काढून टाकावी लागते. शिवाय बाहेरच्या प्रत्येक कॉलला स्वतःची मुदत द्यावी, कारण असे कॉल करणारी लिबकर्ल ही लायब्ररी नुसत्या जोडणीसाठीच मुळात ३०० सेकंद थांबते.

डिस्क किती भरली आहे हे पाहताना आयनोड (फाइलींच्या नोंदीच्या जागा) किती उरले आहेत तेही पाहावे, कारण सेशनच्या लाखो बारीक फाइलींमुळे जागा असूनही नवी फाइल तयार होत नाही. क्लाउडवरील डिस्कच्या उसन्या वेगाकडेही लक्ष असावे. अ‍ॅमेझॉनच्या जीपी२ प्रकारच्या १०० जीबीच्या डिस्कला सेकंदाला ३०० वाचन-लेखनांचा हक्काचा वेग असतो. साठवलेल्या क्रेडिटवर ती ३००० पर्यंत जाते, पण हा साठा पूर्ण वेगाने जेमतेम अर्धा तास पुरतो. सुरुवात सुरळीत होऊन साडेदहाला घसरण लागली, तर हा आलेख सर्वांत आधी उघडावा.

काही मोजक्याच ग्राहकांकडे छोटी पाने उघडतात आणि मोठी अर्ध्यावर थांबतात, अशी तक्रार आली तर ती खोटी समजू नये. ब्रॉडबँडच्या पीपीपीओई जोडणीत पॅकेट जास्तीत जास्त १४९२ बाइटांचे असते, १५०० चे नसते, आणि फायरवॉलमध्ये आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) सरसकट बंद असेल तर ते लहान करण्याचा निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही. आयसीएमपीचा हा निरोप आधीच मोकळा करून ठेवावा.

रीस्टार्टची वेळ आलीच, तर त्याआधी प्रोसेसलिस्ट, जोडण्यांची यादी, टॉप आणि मेमरीची स्थिती एका फाइलमध्ये उतरवून घेणारी छोटी स्क्रिप्ट चालवावी. ती दहा सेकंदांत संपते आणि फाइलच्या नावात मुंबईची वेळ लिहिते. स्क्रिप्ट सर्व्हरवर ठेवलेली आहे. आदल्या संध्याकाळी ती एकदा स्वतःच्या लॉगिनने चालवून पाहावी, म्हणजे परवानगीची अडचण असेल तर ती तेव्हाच कळेल.