आउटबोर्ड इंजिन बॅटरी चार्ज करत नाही? स्टेटरला हात लावण्याआधी हे तपासा

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात उतरतात आणि किनाऱ्यावर एक तक्रार हमखास ऐकू येते : "मशीन चालू होतं, पण बॅटरी चार्ज करत नाही." मग कोणीतरी "कॉइल गेली" म्हणून मोकळा होतो आणि महागडा स्टेटर (फ्लायव्हीलखालचा कॉइलींचा संच) मागवला जातो. दोष बहुतेक वेळा त्याच्या बराच अलीकडे, बॅटरीत किंवा वायरीच्या टोकाला असतो. म्हणून तपासणी बॅटरीपासून सुरू करून फ्लायव्हीलकडे (इंजिनवरच्या जड फिरत्या चाकाकडे) जायचं, उलट नाही.

साधारण ८ ते २० अश्वशक्तीच्या इंजिनात फ्लायव्हीलच्या आत चुंबक असतात. ते कॉइलभोवती फिरले की एसी करंट तयार होतो आणि रेक्टिफायर त्याचा डीसी करून बॅटरीकडे पाठवतो. दोरीने सुरू होणाऱ्या काही मॉडेलांना फक्त दिव्यांची कॉइल असते, रेक्टिफायर नसतोच. तुमचं इंजिन त्यातलं असेल तर बिघाड शोधण्यात अर्थ नाही, रेक्टिफायरचा किट बसवावा लागेल.

लागणारं सामान थोडं : डिजिटल मल्टिमीटर, पाने, पॉलिश पेपर आणि पाण्याने भरलेलं पिंप. इंजिन कोरडं चालवू नका, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (आतलं फिरतं चाक) बघता बघता जळतो. पिंपात चालवायचं तर पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा आणि गिअर न्यूट्रलला ठेवा. कव्हर काढल्यावर फ्लायव्हील उघडं फिरतं, तेव्हा लुंगी, उपरण्याची टोकं आणि सैल बाह्या लांब ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी गळती शोधा.

१. बॅटरी

रात्रभर न वापरलेल्या बॅटरीवर मीटर २० व्होल्ट डीसीला लावा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली असेल तर घरच्या चार्जरने पूर्ण भरा आणि मगच पुढे जा. पावसाळाभर पडवीत पडून राहिलेली बॅटरी आपोआपही उतरते आणि सल्फेट धरून कायमची बसते. भरल्यावरही स्टार्टर मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरीच गेली आहे. इंजिनला उगाच दोष देऊ नका.

२. टोकं आणि फ्यूज

माझ्या मते निम्मे बिघाड इथेच मिटतात. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो. वरून लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) नीट दिसतो, पण रबर थोडं मागे सरकवलं की आत वायर काळी पडून भुसभुशीत झालेली असते. अशी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, नवा लग नीट दाबून बसवा. बॅटरीच्या टोकांवर विंग नटाऐवजी (हाताने फिरवायच्या दोन कानांच्या नटाऐवजी) षटकोनी नट आणि स्प्रिंग वॉशर वापरा, होडीच्या थरथरीत विंग नट सैल होतो. फ्यूज नुसता बघू नका, मीटरने कंटिन्युइटी घ्या, म्हणजे करंट आरपार जातो का ते बघा. इंजिनच्या ब्लॉकला येणारी अर्थची वायरही याच वेळी उघडून घासा.

३. चालू इंजिनवर माप

इंजिन गरम झाल्यावर बॅटरीवर मीटर ठेवून रेस हळूहळू वाढवा. आयडलला आकडा फारसा हलणार नाही, ते साहजिक आहे. दोन-तीन हजार आरपीएमला १३.५ ते १४.५ दिसला तर चार्जिंग ठीक आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बिघडलाय किंवा मुळातच नाहीये, पाणी उकळून बॅटरी मरेल. आकडा १२.५ वरच अडकला तर पुढे चला.

त्याआधी हिशेब करून बघा. छोट्या इंजिनची कॉइल फुल रेसला साधारण ५-६ अँपियर देते. स्टार्टरने ३ सेकंद १०० अँपियर ओढले तरी ते एक-दीड मिनिटात भरून निघतात. पण ५५ वॉटचा एक हॅलोजन एकटाच साडेचार अँपियर खातो, त्यावर पाणी उपसायचा पंप आणि मोबाइलचे चार्जर. धक्क्यावर आयडलला इंजिन ठेवून दिवे लावलेत, तर बिघाड नसतानाही बॅटरी उतरणारच. एलईडी लावा, काम होईल.

४. वायरीतला तोटा

रेक्टिफायरच्या डीसी टोकावर लाल पिन, बॅटरीच्या प्लसवर काळी. रेस दिलेली असताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर मधल्या जोडात अडथळा आहे. मायनसची बाजूही अशीच तपासा.

५. स्टेटर आणि रेक्टिफायर

इंजिन बंद करून स्टेटरच्या दोन एकाच रंगाच्या वायरी रेक्टिफायरपासून सोडवा. त्यांच्यामधला रोध बहुधा एक-दोन ओहमच्या आत असतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. कोणत्याही वायरीपासून ब्लॉकपर्यंत मात्र काहीच दाखवायला नको; दाखवलं तर कॉइल अर्थ झाली आहे. मग इंजिन चालू करून याच सोडवलेल्या वायरींवर एसी व्होल्टेज घ्या. रेससोबत ते चढत गेलं पाहिजे. मॅन्युअलमधला आकडा 'पीक' (एसीच्या लाटेचा सर्वांत वरचा) असेल तर साध्या मीटरवर तो कमी दिसेल, घाबरू नका. एसी येतोय आणि जोड चांगले आहेत, म्हणजे रेक्टिफायर गेला. साध्या चार डायोडच्या रेक्टिफायरमध्ये डायोड टेस्टने एका दिशेला अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि उलट दिशेला काहीच येत नाही. दोन्हीकडे सारखं आलं तर तो बदला.

रेक्टिफायर जाण्याची दोन नेहमीची कारणं आहेत : बॅटरी उलटी जोडणं आणि इंजिन चालू असताना तिची वायर काढणं. स्टेटर बदलायचा तर फ्लायव्हील पुलरनेच (ओढून काढायच्या हत्याराने) काढावं लागतं. हातोडा मारला तर चुंबक सुटतात, म्हणून ते काम मेकॅनिककडे द्या. नवा भाग बसल्यावर तिसऱ्या पायरीतलं माप पुन्हा घ्या, आकडा साडेतेराच्या वर गेला की कव्हर लावा.