बंदरगावाचा इतिहास कसा लिहावा: वास्को-मुरगावच्या निमित्ताने

आपल्या गावाचा इतिहास लिहायला बसणारे बहुतेक जण एक ठरलेला साचा हाती घेतात. आरंभी प्राचीन काळ, मग राजवटी, मग देवळे-चर्चेस आणि प्रेक्षणीय स्थळे, आणि अखेरीस ‘समस्या’ नावाचे चार पानांचे प्रकरण. शेतीवाडीच्या गावाला हा साचा कसाबसा पुरतो. ज्या गावाचे पोट मालाच्या ये-जा वर चालते, त्या गावाला तो मुळीच पुरत नाही, कारण तिथली भरभराट आणि तिथले प्रश्न एकाच बोटीतून उतरलेले असतात. गोव्यातल्या वास्को-मुरगाव या बंदरगावाविषयी लिहू इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच आहे की समस्यांचे वेगळे प्रकरण करू नका. कोणता माल कधी आला, कोणत्या वाटेने गेला आणि त्याच्यासाठी कोण माणसे आली, हा धागा धरा, म्हणजे इतिहास, टोपणनावे आणि सामाजिक प्रश्न या तिन्ही गोष्टी त्याच धाग्यात ओवल्या जातील.

मालाची कालरेषा

एक मोठा कागद घेऊन त्याचे तीन रकाने करावेत: साल, माल आणि माणसे. मुरगावच्या बाबतीत पहिला रकाना १६२४ पासून सुरू करता येतो, कारण पोर्तुगीजांनी झुआरीच्या मुखावरील या टेकडीवर त्या वर्षी किल्ल्याचे काम हाती घेतले. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या स्वारीने जुने गोवे हादरले आणि त्यानंतर राजधानीच मुरगावला हलवण्याचा बेत पोर्तुगीजांनी आखला. बांधकामे झाली, पण राजधानी काही तिथे रुजली नाही. हा काळ थोडक्यात आटोपावा; आजच्या शहराची मुळे त्यात फारशी नाहीत.

मुळे आहेत ती रेल्वेत. १८७८ मध्ये इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला, त्यातून मुरगावचे आधुनिक बंदर आणि तिथून घाट चढून कॅसल रॉकला जाणारी मीटरगेज रेल्वे उभी राहिली. १८८८ पर्यंत ही वाट खुली झाली आणि हुबळी-धारवाडकडच्या मुलखाला समुद्राचे तोंड मिळाले. तिसऱ्या रकान्यात इथे बरेच लिहायचे आहे: रूळ टाकणारे मजूर, गोदामांचे कारकून, आणि नव्या बाजारात दुकाने थाटायला आलेली हिंदू व्यापारी कुटुंबे. वास्कोचा प्रसिद्ध दामोदर भजनी सप्ताह याच नव्या वस्तीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, साथीच्या संकटात सुरू झाला अशी परंपरा सांगितली जाते. जांबावलीच्या श्री दामोदराचा श्रीफळरूपी प्रसाद इथे आणून अखंड भजन आरंभले गेले, असे जाणते लोक सांगतात. सप्ताहाची माहिती ‘उत्सव’ या सदरात टाकून न देता ती याच कालरेषेवर नोंदवावी, कारण परक्या ठिकाणी पोटासाठी जमलेल्या माणसांनी एक गाव म्हणून उभे राहण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता.

दुसऱ्या महायुद्धात, ९ मार्च १९४३ रोजी, कलकत्त्याहून आलेल्या हौशी इंग्रज स्वयंसैनिकांनी मुरगावच्या बंदरात आश्रयाला असलेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर छापा घातला. ही घटना चित्तथरारक आहे आणि नेमका म्हणूनच तिचा मोह आवरावा. तिच्यामुळे एकही कुटुंब वास्कोत राहायला आले नाही. तिला एक परिच्छेद पुरे.

त्यानंतर येते लोहखनिज. महायुद्ध संपल्यावर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि १९५० च्या दशकात गोव्याच्या डोंगरांतले खनिज मुरगावहून बाहेर जाऊ लागले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६४ मध्ये मुरगावचा कारभार पोर्ट ट्रस्टकडे आला, आणि १९७९ मध्ये खनिज जहाजात भरण्याची यांत्रिक व्यवस्था सुरू झाली. या शेवटच्या नोंदीपुढे तिसऱ्या रकान्यात जरा थांबावे. यंत्र आले म्हणजे पाट्यांनी आणि हातांनी माल भरणाऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न तिथे लिहून ठेवावा आणि त्याचे उत्तर माणसांकडून मिळवावे. कागदपत्रांत ते सहसा सापडत नाही.

वाट पायाखाली घालणे

कालरेषा घरी बसून होते; मालाची वाट मात्र प्रत्यक्ष पाहावी लागते. खनिज खाणीतून ट्रकने नदीकाठच्या लोडिंग पॉइंटवर, तिथून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेने, मांडवी किंवा झुआरी उतरून बंदरात, आणि बंदरातून जहाजावर जात असे. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीच्या मुखावरील वाळूचा दांडा ओलांडणे बार्जना धोक्याचे होते, म्हणून मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत शिरत आणि तशा मुरगावला पोहोचत. ही एवढीशी गोष्ट लक्षात घेतली तर वास्कोचा इतिहास कुंभारजुव्याच्या मासेमाऱ्याशी आणि कुडचड्याच्या ट्रकवाल्याशी कसा बांधलेला आहे ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

गावातही चालावे: बोगदा या वस्तीकडून सडा या वस्तीवर, तिथून खाली जेटीकडे, मग बायण्याचा किनारा, पुढे बाजार आणि शेवटी खारीवाड्याची मासळी जेटी. चालताना धूळ पाहावी, हे मी अगदी गांभीर्याने सांगतो. सड्यावर किंवा जेटीजवळ एखाद्या घरात ओळख काढून गेलात, तर घरातली पुसापुशी वर्षानुवर्षे जिने केली आहे त्या बाईला विचारा की फडके पिळताना पाणी तांबडे निघायचे की काळे, आणि तो रंग बदलला तेव्हा घरात काय चालले होते: मुलगा कितवीत होता, कुणाचे लग्न झाले होते, त्या वर्षी सप्ताहाला कोण पाहुणे आले होते. तांबडे पाणी खनिजाचे, काळे कोळशाचे, जो बंदरात उतरून रेल्वेने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. मालाचा बदल बंदराच्या अहवालात आकड्यांनी येतो, पण तो माणसांच्या घरात कधी शिरला, ते या उत्तरांवरून कळते आणि दहा घरांची उत्तरे शेजारी मांडली की वारा कोणत्या वस्तीवर वाहतो तेही उघड होते.

कागद कुठे मिळतात

पणजीचे गोवा पुराभिलेख खाते, पणजीतल्याच पाटो भागातले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र या तीन ठिकाणी बरेचसे काम होते. सूचींमध्ये शोधताना मुरगाव, मुरगांव, मार्मागोवा, मोर्मुगाव आणि वास्को द गामा ही सर्व रूपे वापरावीत, कारण नगरपालिका आणि तालुका मुरगावच्या नावाने चालतात, रेल्वे स्थानक वास्कोच्या नावाने, आणि एकाच वस्तीची कागदपत्रे दोन नावांखाली विखुरलेली असतात. १९६२ पासूनचे ‘गोमन्तक’ आणि १९७० पासूनचे ‘नवप्रभा’ यांचे जुने अंक चाळताना पहिल्या पानापेक्षा आतल्या पानांवरील वाचकांची पत्रे आणि जाहीर नोटिसा अधिक उपयोगी पडतात.

जमिनीच्या बाबतीत नवख्या माणसाची हमखास गफलत होते. खेड्यातल्या जमिनीला एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या नोंदीचा कागद, मिळतो. शहरात मात्र शहरी भूमापनातले चलता क्रमांक आणि पी. टी. शीट क्रमांक लागतात. तो हाताशी नसेल तर सिटी सर्व्हेच्या कचेरीत खेपा घालाव्या लागतात, म्हणून वस्तीतल्या एखाद्याच्या घरपट्टीच्या किंवा खरेदीखताच्या कागदावरून तो आधीच टिपून घ्यावा. बंदर केंद्राच्या अखत्यारीत आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्याच्या, त्यामुळे माहिती अधिकाराचे अर्ज वेगवेगळे करावे लागतात. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. ‘प्रदूषणाची माहिती द्यावी’ असा मोघम अर्ज करू नये. कोणत्या मापन केंद्राची, कोणत्या महिन्यांची आणि कोणत्या घटकाची नोंद हवी ते लिहावे.

आणखी एक कागद हटकून मिळवावा: २०१७ मध्ये बंदराच्या विस्तार प्रकल्पांवर वास्कोत झालेल्या जनसुनावणीचे इतिवृत्त. अशा सुनावणीत नागरिक जे बोलतात ते नोंदवणे कायद्याने बंधनकारक असते. मच्छीमार, डॉक्टर, गृहिणी, कामगार यांची म्हणणी एकाच दप्तरात सापडण्याचा योग फार क्वचित येतो.

टोपणनावे

टोपणनाव नोंदवताना ते कोण, कुणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हणतो, या तीन गोष्टी सोबत लिहिल्या नाहीत तर ती नोंद निरुपयोगी ठरते. ‘बंदरनगरी’ हा शब्द भाषणांत आणि वर्तमानपत्री मथळ्यांत येतो. ‘कोळसा हब’ हा विरोधकांच्या फलकांवर आला, आणि ‘गोंयांत कोळसो नाका’ (गोव्यात कोळसा नको) ही घोषणा तर वास्कोबाहेरच्या गावांनीही उचलली. माल बदलला की गावाचे नावही बदलते, हे इथे आपोआप दिसते.

माणसांना चिकटवलेली नावे अधिक जपून हाताळावीत. ‘घाटी’ आणि ‘भायले’ (बाहेरचे) हे शब्द वास्कोत रोज ऐकू येतात. कर्नाटक, आंध्र आणि महाराष्ट्रातून बंदरावर, रेल्वेवर, बांधकामांवर आलेल्या मजुरांना ते लावले जातात, आणि ते बोचतात. लेखात ते अवतरणात यावेत, वक्त्याचे स्थान सांगून यावेत. तुमच्या स्वतःच्या वाक्यात ते येता कामा नयेत. ज्यांना असे म्हटले जाते त्यांनाही विचारावे की ते स्वतःला कुठले म्हणवतात. सड्यावर जन्मलेला, कोकणीत भांडणारा आणि घरी कन्नड बोलणारा मुलगा याचे जे उत्तर देईल ते तुमच्या लेखातले महत्त्वाचे वाक्य असू शकते.

काही वेळा वस्तीचे नावच शिवी होऊन बसते. बायणा हे त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण आहे.

बायणा, आणि बंद पडलेली बार्ज

बंदर, खलाशी, ट्रकचालक आणि घरापासून दूर राहणारे हजारो पुरुष मजूर जिथे जमतात, तिथे देहविक्रयाची वस्ती उभी राहते. बायण्याच्या किनाऱ्यावर ती उभी राहिली. तिथल्या स्त्रिया बहुतांशी आंध्र आणि कर्नाटकातल्या गरीब घरांतल्या होत्या आणि त्यांतल्या काहींच्या मागे देवदासी प्रथेचा इतिहास होता. उच्च न्यायालयाच्या २००३ मधील आदेशानंतर जून २००४ मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, ती घरे पाडण्यात आली. पाडलेल्या घरांत या व्यवसायाशी काहीही संबंध नसलेल्या कष्टकरी कुटुंबांचीही घरे होती.

याविषयी लिहिताना दोन पथ्ये पाळावीत. एक, ‘किनारा स्वच्छ झाला’ अशा वाक्यावर थांबू नये. स्त्रिया कुठे गेल्या, त्यांच्या मुलांच्या शाळेचे काय झाले, घर गेलेल्या इतरांना पर्यायी जागा मिळाली का, हे विचारावे. दुसरे, बायण्यात राहणाऱ्या सामान्य कुटुंबांतील मुलींना नोकरीच्या अर्जावर किंवा सोयरिकीच्या बोलण्यात पत्ता सांगताना काय सोसावे लागले, ते त्यांची ओळख पूर्णपणे झाकून लिहावे. वयस्क बाईचे नाव, गाव, घरमालक, मुलाचा धंदा यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तरी वास्कोसारख्या गावात माणूस ओळखला जातो.

खाणबंदीचा भागही याच काळजीने लिहावा. चीनच्या मागणीमुळे २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज गेले. मग बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शाह आयोगाचा अहवाल आला, २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांच्या मर्यादेसह ते पुन्हा मोकळे झाले, आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द होऊन मार्चमध्ये पुन्हा बंद पडले. बेकायदा उत्खननाने डोंगर आणि शेते उद्ध्वस्त झाली हे खरे, आणि बार्जवरच्या खलाशाच्या घरात हप्ते थकले हेही खरे. या दोन सत्यांपैकी एकच निवडणारा लेख गावातला अर्धा माणूस वाचणार नाही. खाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याशी आणि वास्कोच्या बार्ज कामगाराशी, दोघांशीही बोलल्याशिवाय हा भाग लिहायला घेऊ नये.

खनिज थांबल्यावर बंदराच्या उत्पन्नात कोळशाचे वजन वाढले, आणि प्रश्नही कोळशाच्याच वाटेने पुढे सरकला. कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणाऱ्या रेल्वेच्या दुपदरीकरणाला विरोध करायला नोव्हेंबर २०२० मध्ये याच रेल्वेवरच्या चांदर या दक्षिण गोव्यातल्या गावी लोक रात्रभर रुळांजवळ बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाटातल्या तिनईघाट-कुळे टप्प्याला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता रद्द केली. वास्कोवरच्या लेखात चांदर कशाला, असे कुणी विचारेल, तर त्याला मालाची वाट दाखवावी.

मुलाखती

मुलाखतीसाठी सकाळच्या बाजाराच्या वेळी मासळीवालीकडे जाऊ नये आणि संध्याकाळी ट्रॉलर लागताना जेटीवर कुणाला अडवू नये. आधी ध्वनिमुद्रणाची परवानगी घ्यावी आणि ती मुद्रणातच बोलून घ्यावी. ‘तुमच्या काळी बंदर कसे होते’ असा प्रश्न विचारला की सगळे चांगलेच होते असे उत्तर मिळते. त्याऐवजी पहिला पगार किती होता, तो कोणत्या दिवशी हातात पडायचा, कोणत्या जहाजावर पाळी लागली की जादा मिळायचे, असे धरून विचारावे. सालाऐवजी मुक्ती, गाजलेला पूर किंवा सप्ताह अशा खुणा द्याव्यात. कोकणीतले बोलणे कोकणीतच उतरवून घ्यावे आणि मराठी मजकुरात मूळ वाक्य राखून पुढे अर्थ द्यावा.

मसुदा तयार झाला की ज्यांची वाक्ये वापरली आहेत त्यांना तो वाचून दाखवावा. वाचता न येणाऱ्यांना तर अवश्य. त्यांनी काढायला सांगितलेली वाक्ये काढावीत, चुकलेली नावे आणि सालं तिथेच दुरुस्त करावीत. ध्वनिमुद्रणांची एक प्रत, बोलणाऱ्यांची संमती असेल तेवढीच, मध्यवर्ती ग्रंथालयात द्यावी आणि तीन रकान्यांचा तो कागद सोबत जोडावा, म्हणजे पुढे या बंदरात कोणताही नवा माल आला तरी त्याच्यासमोरची माणसे कुणीतरी लिहून ठेवू शकेल.