जुन्या लष्करी वाहनांतील ॲस्बेस्टॉसचे उष्णतारोधक आवरण बदलताना

दुसऱ्या महायुद्धातील आणि त्यानंतरच्या काही दशकांतील लष्करी वाहनांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जात असे. एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती गुंडाळलेली पट्टी किंवा दोर, इंजिन आणि चालकाची जागा यांमधील पत्र्यावर बसवलेला जाड थर, मॅनिफोल्डची (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणाऱ्या नळीसंचाची) गॅस्केट म्हणजे सांधा बंद करणारी चकती, ब्रेक लायनर, क्लच प्लेट अशा ठिकाणी ते हमखास संभवते. धोका त्याच्या नुसत्या अस्तित्वात नसून त्यातून सुटणाऱ्या तंतूंत आहे. श्वासावाटे फुप्फुसात गेलेले हे सूक्ष्म तंतू मेसोथेलिओमासारखा कर्करोग घडवू शकतात आणि आजार बहुधा काही दशकांनंतर उघडकीस येतो. त्यामुळे काम करताना त्रास झाला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

पहिला नियम असा की, प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय कोणतेही जुने आवरण निर्धोक समजू नये. काचतंतूची जुनी पट्टी आणि ॲस्बेस्टॉसची पट्टी डोळ्यांना सारखीच दिसू शकतात, आणि रंगावरून केलेला अंदाज तर मुळीच विश्वासार्ह नसतो. आवरण अखंड असून त्याला हात लावण्याची गरज नसेल, तर ते तसेच राखून त्याची नोंद ठेवणे हा अनेकदा अधिक शहाणपणाचा निर्णय ठरतो.

काढणेच भाग असेल, तर आपल्या देशाचा कायदा आधी पाहावा. अनेक देशांत असे काम परवानाधारकांकडेच सोपवावे लागते. नळ्यांवरचे भुसभुशीत, सुटू लागलेले आवरण तर, कायद्याने मुभा दिली तरीही, प्रशिक्षित माणसांनीच काढावे असे माझे ठाम मत आहे, कारण वाहनात सर्वाधिक तंतू सोडणारा भाग तोच असतो. घट्ट बसलेली गॅस्केट किंवा अखंड पॅड यांसारखी मर्यादित कामे नियमांत बसत असतील, तरच स्वतः करावीत. त्यासाठी जागा प्लॅस्टिकच्या जाड कापडाने वेगळी करावी, एकदाच वापरायचा अंगभर झगा घालावा आणि चेहऱ्यावर नीट बसणारा, पी३ किंवा पी१०० दर्जाच्या गाळणीचा मुखवटा लावावा. दाढी असल्यास तो हवाबंद बसत नाही, आणि कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क येथे निरुपयोगी आहे. भांडी घासण्याच्या साबणाचे थोडे द्रावण मिसळलेले पाणी हलक्या फवाऱ्याने मारून थर आतपर्यंत भिजू द्यावा आणि मगच तो शक्य तितका अखंड उचलावा. कॉम्प्रेसरची हवा, कोरडा तारेचा ब्रश, ग्राइंडर आणि घरगुती व्हॅक्यूम यांना येथे पूर्ण मनाई समजावी. उचललेला माल ओला असतानाच दुहेरी पिशवीत बंद करून, त्यावर ठळक सूचना लिहून, अधिकृत विल्हेवाट केंद्रात द्यावा. पृष्ठभाग ओल्या फडक्याने पुसून ते फडकेही त्याच पिशवीत टाकावे.

पर्यायी साहित्य निवडताना मूळच्या दिसण्यापेक्षा तापमानाला प्राधान्य द्यावे. साध्या काचतंतूची पट्टी सुमारे ५५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, त्यामुळे मॅनिफोल्डपासून दूरच्या नळीला ती पुरते. मॅनिफोल्डजवळ मात्र सुमारे १,००० अंश सोसणारे सिलिकाचे कापड वापरावे. सिरॅमिक तंतूची चादर याहूनही उष्णता सोसते, परंतु तिचे तंतूही श्वसनास घातक मानले जातात, म्हणून शरीरात लवकर विरघळणाऱ्या सिलिकेट लोकरीला पसंती द्यावी. पत्र्यावरच्या थराच्या जागी ॲल्युमिनियमचा मुलामा असलेले काचकापड उत्तम चालते, कारण ते किरणांद्वारे येणारी उष्णता परतवते.

बसवण्यापूर्वी नळी गंजमुक्त करून उष्णतारोधक रंग द्यावा, कारण आवरणाखाली ओल साचून धातू सडतो. पट्टी अर्ध्या रुंदीइतकी एकमेकांवर चढवत घट्ट गुंडाळावी आणि स्टेनलेस स्टीलच्या तारेने बांधावी. नवा थर जुन्याहून जाड असल्यास जवळच्या इंधननळीपासूनचे अंतर कमी होते, तेव्हा ते मोजावेच. आणि तेल गळत असेल तर आधी गळती बंद करावी, कारण तेल शोषलेले आवरण पेट घेते.

पहिल्यांदा इंजिन तापवताना साहित्यातील बंधकद्रव्य जळून धूर येतो, म्हणून वाहन उघड्यावर ठेवावे आणि थंड झाल्यावर बांधणी पुन्हा आवळावी. वाहनात उरलेल्या ॲस्बेस्टॉसच्या जागा त्याच्या नोंदवहीत लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढे त्याला हात लावणारा मेकॅनिक बेसावध राहणार नाही.