जुना ट्रॅक्टर घेताय? गार इंजिन बघा

सकाळीच जा आणि आल्या आल्या बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर समजायचं गड्याने आधीच चालू करून ठेवलाय, कारण खरी खोड गार स्टार्टलाच कळते. सुरू होताना थोडा काळा धूर चालतो, पण निळा धूर थांबतच नसेल तर इंजिन ऑइल खातंय. नव्या रंगाला भुलू नका, मी एकदा भुललोय.

मग रोटाव्हेटर (मागे जोडायचं माती भुसभुशीत करणारं अवजार) उचलून इंजिन बंद करा, चहा होईपर्यंत खाली बसला तर लिफ्टचं काम आलंच. पाती झिजलेली असली तरी बदलता येतात हो, गिअरबॉक्सची गळती बघा आणि पीटीओ शाफ्टचा (इंजिनची ताकद अवजाराला देणारा दांडा) क्रॉस, म्हणजे सांधा, हलवून बघा.

आरसीवरचा चेसिस नंबर जुळवा, कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, नाव बदलायच्या फॉर्म २९-३० वर सह्या तिथेच.