रीळ खरोखर पुढे सरकते आहे ना?

काही वर्षांपूर्वी हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव आणि त्यामागे उभा सुवर्णदुर्ग असे सगळे मी फिल्म कॅमेऱ्याने मोठ्या हौसेने टिपले. रीळ छत्तीस फोटोंचे, पण फोटो मोजणारा आकडा ३६ च्या पुढे जाऊन चाळीसवर पोहोचला, तेव्हा शंका आली. रीळ पहिल्या दात्यावर अडकलेच नव्हते. ते डबीतून बाहेर न येता तसेच बसून राहिले होते आणि मी रिकाम्या पडद्यावर शटर उडवत होतो.

चूक एका समजुतीत होती. हाताने रीळ पुढे सरकवायच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मोजणीचा आकडा फिल्म ओढण्याच्या लिव्हरबरोबर वाढतो, फिल्म हलली की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नसते. खरे सांगते ती डाव्या बाजूची, रीळ परत गुंडाळण्याची चावी.

रीळ भरताना सावलीत बसावे. किनाऱ्यावर, विशेषतः वाऱ्यात, मागचे झाकण उघडूच नये, कारण डबीच्या मखमली फटीत शिरलेला वाळूचा एक कण अख्ख्या रिळावर लांबलचक ओरखडा काढू शकतो. रीळ फ्रिजमध्ये ठेवले असेल, तर पावसाळ्याच्या दमट हवेत ते त्याच्या बाहेरच्या बंद डबीतच तास-दोन तास बाहेर राहू द्यावे, म्हणजे फिल्मवर बाष्प धरत नाही. हात पंचाला कोरडे पुसून घ्यावेत. मासळी हाताळून आलेल्या बोटांनी तर नकोच.

डबी जागेवर बसवून चावी खाली दाबल्यावर फिल्मचे निमुळते टोक उजवीकडच्या रुळाच्या, म्हणजे वापरलेली फिल्म ज्यावर गुंडाळली जाते त्याच्या, खाचेत सरकवावे. शटरच्या पडद्याला बोट लावू नये. मग लिव्हर एकदा, हलकेच, ओढावा आणि फिल्मच्या दोन्ही कडांची भोके दातेरी चाकाच्या दातांवर नीट बसली आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे. फक्त खालची कड अडकलेली असेल, तर फिल्म तिरपी जाऊन पुढे फाटण्याची भीती असते. टोक रुळावर घट्ट गुंडाळले गेल्याशिवाय झाकण लावण्याची घाई नको. त्यासाठी आणखी एक फ्रेम वाया गेली तरी चालते.

झाकण बंद केल्यावर मुख्य परीक्षा असते. चावी तिच्यावरच्या बाणाच्या दिशेने अगदी अलगद फिरवावी. डबीतली ढिली फिल्म आवळली जाऊन चावी अडली की लगेच थांबावे. जोर लावल्यास टोक रुळातून निसटेल. आता शटर दाबून लिव्हर ओढताना नजर चावीवर ठेवावी. ती बाणाच्या उलट दिशेने फिरली, तर फिल्म सरकते आहे. आकडा एकवर येईपर्यंतच्या दोन-तीन रिकाम्या फ्रेममध्ये ही खात्री झाली पाहिजे. चावी निश्चल राहिली, तर झाकण उघडून टोक पुन्हा बसवावे. प्रकाशात जाईल ते थोडेसेच, आणि ते बहुधा आधीच उघडे पडलेले टोक असते.

ही सवय मध्येमध्येही उपयोगी पडते. दहा-बारा फोटो झाल्यावर, तळाचे रिवाइंडचे बटण न दाबता, चावी बाणाच्या दिशेने किंचित फिरवून पाहावी: लगेच अडली तर सगळे ठीक, नुसतीच मोकळी फिरत राहिली तर फिल्म रुळापासून सुटली आहे. शंका आली तरी भर उन्हात झाकण उघडण्याचा मोह आवरावा. घरी परतून रात्री दिवे घालवून जाड गोधडीखाली कॅमेरा उघडला आणि बोटांनी चाचपून पाहिले, की निदान उरलेले रीळ वाचते. टोक मुळीच अडकले नसेल, तर पूर्ण रीळ कोरे असल्याने ते पुन्हा वापरता येते. माझे हर्णैचे रीळ मी दुसऱ्या रविवारी त्याच बंदरावर पुन्हा भरले, चावीकडे बघत.